भाडेकरू म्हणाला "कुलूप बदलू का?", तर हो म्हणा



खोल्या बांधून भाड्याने देण्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "मॅडम, भाडेकरू दाराचं कुलूप बदलू का म्हणून विचारतोय. काय सांगू?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी शंका असते. याला आत असं काय करायचंय? मला येऊ द्यायचं नाही का? उद्या खोली बळकावली तर?

माझं मत सरळ आहे. हो म्हणा. त्याच दिवशी म्हणा. आणि खरं तर त्याच्यावर विचारायची वेळच येऊ देऊ नका. नवा भाडेकरू सामान घेऊन यायच्या आधी कुलूप तुम्हीच बदला.

हे मी दोन्ही बाजू बघून बोलतेय. सातपूरला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. बीबीए झाल्यापासून काउंटरवर मीच बसते, त्यामुळे कुलूप घ्यायला मालक येतो तेव्हाही समोर मी असते आणि भाडेकरू येतो तेव्हाही मीच. शिवाय आमच्या चार खोल्या एमआयडीसीत कामाला असलेल्या मुलांना भाड्याने दिलेल्या आहेत. म्हणजे हे पुस्तकातलं नाही, स्वतःचे पैसे घालून करत असलेलं आहे.

तुमच्या खोलीच्या किती चाव्या बाहेर आहेत?

प्रशिक्षणात मी हा प्रश्न विचारते. उत्तर ठरलेलं असतं, "तीन. दोन भाडेकरूकडे, एक माझ्याकडे." मग मी मोजायला लावते. आधीचा भाडेकरू गेला, त्याने दोन चाव्या परत दिल्या. पण त्याच्याबरोबर अजून दोन मुलं राहायची, शिफ्ट वेगवेगळ्या, मग त्यांनी चावीवाल्याकडून एक-एक करून घेतली असणारच. खोली दाखवायला एजंटला एक दिली होती, ती आली का परत? रंगकाम झालं तेव्हा पेंटरकडे चार दिवस होती. गावाकडून भाऊ आला की त्याला मिळावी म्हणून मीटरच्या पेटीवर एक ठेवलेली असायची, हे सगळ्या मजल्याला माहीत. साध्या चावीची नक्कल करायला दहा मिनिटं लागतात आणि चावीवाला तुमची ओळख विचारत नाही.

म्हणजे उत्तर "तीन" नसतं. उत्तर "माहीत नाही" असतं. आणि अशा खोलीत तुम्ही नव्या माणसाला डिपॉझिट घेऊन राहायला बोलावताय. तो कुलूप बदलू का विचारतो तेव्हा तुमच्यावर अविश्वास दाखवत नाहीये, तुम्ही जे मोजलं नाही ते त्याने मोजलंय एवढंच. मला तर असा भाडेकरू आवडतो. जो स्वतःच्या सामानाची काळजी घेतो, तो बाथरूमचा नळही टिपटिप गळत ठेवत नाही.

आणि आपल्याकडे हे काही नवीन नाही. चाळीत काय होतं? मालक दाराला कडी-कोयंडा देणार, कुलूप भाडेकरू स्वतःचं आणणार. चाळीच्या मालकाने प्रत्येक बिऱ्हाडाची दुसरी चावी स्वतःच्या घरात खिळ्याला टांगून ठेवली होती, असं कोणी ऐकलंय का? दारातच बसवलेली नाईट लॅच आणि मॉर्टिस कुलपं आली, ती दाराचा भाग झाली, आणि मग "दार माझं म्हणून कुलूप माझं, कुलूप माझं म्हणून चावी माझी" ही साखळी तयार झाली. लाकूड तुमचं आहे हो. पण आत राहणारा माणूस त्याच्या पैशाने राहतोय.

आता थोडं हिशोबाने बोलू

समजा खोलीचं भाडं सहा हजार आहे. मॉर्टिस कुलपाचा नुसता सिलिंडर बदलायचा तर बऱ्यापैकी कंपनीचा हजाराच्या आसपास येतो, फिटिंगचे दोन-तीनशे वेगळे, आणि स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल तर तेही लागत नाहीत. भाडेकरू वैतागून गेला आणि खोली एक महिना रिकामी राहिली तर सहा हजार गेले, वर एजंट, वर पुन्हा रंगाचा हात. हजारासाठी सहा हजारांचा धोका घेणं ही कसली मालकी?

माझ्या चार खोल्यांसाठी मी पाच सिलिंडर घेऊन ठेवले आहेत, पाचही एकाच मापाचे. खोली रिकामी झाली की कपाटातला जादाचा सिलिंडर तिथे बसतो, तिथला काढलेला कपाटात येतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या खोलीला जातो. दर वेळी नवीन खरेदी नाही आणि जुन्या चावीने त्या खोलीचं दार उघडत नाही. चाव्यांच्या टॅगवर खोली नंबर लिहीत नाही, १ ते ५ असे सिलिंडरचे आकडे आहेत, आणि कुठला आकडा कुठल्या खोलीत हे वहीत. चावी रस्त्यात पडली तरी सापडणाऱ्याला पत्ता मिळत नाही. कडी-कोयंड्याच्या खोल्या असतील तर याहून सोपं, भाडेकरूला त्याचं पितळी कुलूप आणू द्या, तुम्ही फक्त कोयंडा आरपार बोल्टने बसवा. अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर लटकणाऱ्या कोयंड्याला आठ लिव्हरचं कुलूप लावणारे मालक मी पाहते तेव्हा मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. चोर कुलूप तोडत नाही, कोयंडा उपटतो.

हिशोबाच्या पलीकडेही एक गोष्ट आहे, ती बोलणं मला जास्त गरजेचं वाटतं. मागे दुकानात एक मुलगी आली होती, एका खाजगी दवाखान्यात नर्स. सिलिंडर दाखवा म्हणाली, मग आवाज खाली करून विचारलं, "ताई, मालकांना कळणार नाही असा बसवता येईल का? बाहेरून जुन्यासारखाच दिसला पाहिजे." नाईट ड्युटी करून ती सकाळी येऊन झोपायची. मालक वयस्कर, तिच्या शब्दांत "काका तसे चांगले आहेत", पण पाण्याच्या टाकीची पाइप गॅलरीतून गेलेली, म्हणून दुपारी स्वतःच्या चावीने दार उघडून आत यायचे. दोनदा झालं. कुलूप बदलू का विचारलं तर काका म्हणाले, "आमच्या घरात आमच्यावरच संशय?" मी तिला सांगितलं की लपून बदलू नकोस, लेखी मेसेज टाक, आणि तोपर्यंत आतून लावायची एक भक्कम कडी घेऊन जा. ती कडी घेऊन गेली. महिन्याच्या शेवटी खोली सोडली. काकांना आजही वाटतं, पोरीचं लग्न ठरलं म्हणून गेली.

भाडेकरू खरं कारण सांगून जात नाहीत मंडळी. "गावी चाललोय", "कंपनीने क्वार्टर दिलं" असं काहीतरी सांगून डिपॉझिट नीट परत घेतात आणि जातात. त्यामुळे मालकाला कधी कळतच नाही की हजाराच्या सिलिंडरपायी वेळेवर भाडं देणारं माणूस गेलं.

"पण जागा माझी आहे ना!"

आहेच. मालकी तुमची, त्याबद्दल वाद नाही. ताबा मात्र करार चालू असेपर्यंत त्याचा. हा फरक ज्याला पचला नाही त्याने भाड्याच्या धंद्यात पडू नये, त्यापेक्षा एफडी करावी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम २८ बघा. मालकाला जागेची पाहणी करायचा हक्क दिलाय, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. चावी फिरवून केव्हाही नव्हे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना आणला, त्यात मालकाने आत येण्याआधी किमान २४ तास कळवावं असं लिहिलंय. तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय बंधनकारक होत नाही, पण चांगली पद्धत काय हे त्यातून समजतं. गंमत म्हणजे त्याच नमुन्यात कोणती दुरुस्ती कोणाची याची यादी आहे आणि दारं, कपाटं, खिडक्यांची कुलपं नि मुठी बदलणं हे भाडेकरूच्या रकान्यात टाकलंय. म्हणजे कुलूप बदलणं ही काही बंडखोरी नाही, नळाचा वॉशर बदलण्याच्या पंगतीत बसवलेली गोष्ट आहे.

शिवाय अतिक्रमणाचा गुन्हा जागेच्या "ताब्या"भोवती फिरतो, मालकीभोवती नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम ३२९ मध्ये दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करायच्या, धमकावायच्या, अपमान करायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूने शिरणं येतं. टाकी बघायला गेलेल्या काकांचा हेतू तसा नसेल, मान्य. पण हेतू काय होता हे पोलीस चौकीत बसून समजावून सांगायची वेळ साठाव्या वर्षी का यावी?

राहिली खोली बळकावायची भीती. चावीने ही भीती जात नाही. ज्याला जागा सोडायची नाही, तो तुमच्याकडे चावी असली तरी आतून कडी लावून बसेल. तुमचं खरं संरक्षण नोंदणी केलेला करार आहे. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज अजून जागोजागी आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तो असेल आणि राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि मुदतीनंतर बसून राहणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागू शकतात. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून घेतलेला आणि कपाटात ठेवलेला कागद ऐन वेळी उपयोगाला येत नाही. लोक नोंदणीचे पैसे वाचवतात आणि चावी मात्र जिवापाड जपतात!

उलटी बाजूही सांगते. भाडं थकलं म्हणून भाडेकरू गावी गेल्यावर मालकाने कुलूप बदलणं. असं करायला कुलूप घ्यायला लोक दुकानात येतात आणि मोठ्या आवाजात सांगतातही. कृपा करून करू नका. भाडेकरूला कायद्याच्या मार्गाशिवाय ताब्यातून काढलं तर तो विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि तिथे मालक कोण हा प्रश्न चर्चेला येत नाही. शिवाय आत त्याचं सामान आहे. उद्या तो म्हणाला की कपाटात साठ हजार रोख होते, तर तुम्ही काय दाखवणार?

आणि इथेच माझा सगळ्यात मोठा मुद्दा येतो. तुमच्याकडे दुसरी चावी असणं ही तुमची ताकद नाही, ती तुमच्यावरची जबाबदारी आहे. खोलीत काहीही गेलं, दार फोडलेलं नाही, मग पहिला प्रश्न कोणाला? ज्याच्याकडे चावी आहे त्याला. मी तर उलट म्हणते, चावी माझ्याकडे नको.

गाळ्याच्या बाबतीत हे दुपटीने खरं

तुमच्यातले बरेच जण मालक नाहीत, गाळा भाड्याने घेऊन धंदा सुरू करणारे आहात. तुमच्यासाठी सांगते, ताबा घेतला त्याच दिवशी शटरची दोन्ही बाजूंची कुलपं आणि मधलं सेंटर लॉक बदला, आणि तसं मालकाला मेसेजवर कळवा. आमचं दुकान आधी ज्या गाळ्यात होतं, तिथले मालक सुट्टीच्या दिवशी कोणाला तरी गाळा दाखवायला शटर उघडायचे. कधी काही गेलं नाही. पण सुट्टीनंतर माल मोजताना एखादा नग कमी भरला की मनात पहिला विचार कुठे जायचा? माणूस भला होता, तरी जायचा. असं मन घेऊन धंदा होत नाही. आम्ही दुसरीकडे गेलो.

विम्याचं कलम तर कोणी वाचतच नाही. दुकानाच्या घरफोडीच्या साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा अट असते की चोर बळजबरीने, तोडफोड करून आत शिरला किंवा बाहेर पडला पाहिजे. ही अट जशी लिहिलीय तशीच धरायची, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये एका विमा प्रकरणात सांगितलंय. म्हणजे कोणीतरी जुन्या चावीने शांतपणे शटर उघडून चार लाखांचा माल नेला, कुलूप जागेवर, शटरला ओरखडा नाही, तर क्लेम अडकायची पूर्ण शक्यता. जुनं कुलूप ठेवून तुम्ही हजार रुपये वाचवले आणि हा धोका फुकट घेतला.

बिनाचावीचा मालक आणीबाणीत काय करणार?

हा प्रश्न रास्त आहे. गॅसचा वास येतोय, नळ चालू राहून खालच्या मजल्यावर पाणी उतरतंय, भाडेकरू सेकंड शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. माझ्याकडे त्यासाठी पाकीट आहे. नव्या कुलपाची एक चावी भाडेकरूने पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं, जोडावर त्याने सही आणि तारीख टाकायची, वर चिकटपट्टी, आणि सगळ्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये. पाकीट माझ्या तिजोरीत. फोडायची वेळ आली तर आधी फोन, मग मेसेज, शेजारच्या एकाला बरोबर घेऊन दार उघडायचं आणि नंतर नवीन पाकीट. जागा सोडताना पाकीट तसंच न फोडलेलं त्याच्या हातात ठेवते. डिपॉझिट परत मिळाल्यापेक्षा त्याचा आनंद काही जणांना जास्त होतो, खरंच सांगते.

पाकीटही द्यायचं नाही म्हणाला तर? तर नको देऊ दे. चावी त्याच्या कोणा गावातल्याच नातेवाइकाकडे राहू दे, तो नंबर तुमच्याकडे असू दे. मीटर आणि मेन स्विच, पाण्याचा कॉक खोलीच्या बाहेर काढून घ्या, निम्म्या आणीबाणी तिथेच मिटतात. आणि आग लागलीच तर अग्निशमन दलवाले तुमच्या चावीची वाट बघत थांबत नाहीत.

"नाही" कुठे म्हणायचं

सगळ्यालाच हो म्हणा असं माझं म्हणणं नाही. बिल्डिंगचा मुख्य दरवाजा, जिना, गच्ची, सामाईक ग्रिल यांना कोणाही एका भाडेकरूचं कुलूप नको. दाराला नवं भोक पाडावं लागणारं डिजिटल लॉक बसवायचं असेल तर आधी फोटो, लेखी संमती, आणि जाताना एकतर ते चालू स्थितीत कोड पूर्ववत करून सोडायचं किंवा दार नीट करून द्यायचं, हे ठरवून. चाललं तर ज्याला यांत्रिक चावीही आहे असंच मॉडेल घ्यायला सांगा, बॅटरी रात्री दोनलाच संपते.

सगळ्यात नाजूक प्रकार म्हणजे आत राहणाऱ्यांपैकी एकाला दुसऱ्याला बाहेर ठेवायचं असतं. तीन मुलं राहतात, दोघांचं तिसऱ्याशी वाजलं, दोघं येऊन म्हणतात कुलूप बदलतो. करारावर तिघांची नावं आहेत ना? मग तिघांच्या सह्या आणा. तोपर्यंत नाही. नवरा येऊन म्हणाला की बायको भांडून माहेरी गेलीय, कुलूप बदलायचंय, तिला चावी द्यायची नाही, तर स्पष्ट नाही. करार एकट्या नवऱ्याच्या नावावर असला तरी नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ प्रमाणे बाईला ज्या घरात ती नांदत होती तिथे राहायचा हक्क आहे, घर भाड्याचं असलं तरी. तुम्ही त्या भांडणात हत्यार बनू नका.

पण बाई आत आहे आणि घाबरलेली आहे, "दारू पिऊन येऊन मारतो" म्हणतेय, तर नियम सांगत बसू नका. आतून लावायची कडी, साखळी, दाराला पाहायचं भिंग, हे सगळं लगेच बसवून द्या. याने कोणाचा हक्क जात नाही आणि रात्र सुरक्षित जाते. ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे नंबर तिला द्या. कोर्टाचा आदेश आला की मग कुलपाचं त्याप्रमाणे.

पैसे कोणी द्यायचे आणि कागदावर काय लिहायचं

नमुना कायद्याच्या यादीत कुलूप भाडेकरूकडे आहे हे वर सांगितलंच, पण मला ते पूर्ण पटत नाही. नवा माणूस येताना बदलायचं ते मालकाने, तो धंद्याचा खर्च आहे, रंगासारखा. कुलूप झिजून किल्ली अडकायला लागली तरी मालकाने. मधेच भाडेकरूला स्वतःच्या समाधानासाठी बदलायचं असेल, किंवा त्याने चावी हरवली असेल, तर त्याने. एवढ्यावर आजवर माझा कोणाशी वाद झालेला नाही.

करारात मी एक परिच्छेद टाकते. तुमचे वकील "मालक-भाडेकरू"च्या जागी "लायसन्सर-लायसन्सी" करतील, ते त्यांना करू द्या:

"जागेच्या मुख्य दाराचे कुलूप भाडेकरूस बदलता येईल, तसे करण्यापूर्वी त्याने मालकास लेखी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवावे. दारास नवे भोक पाडावे लागत असल्यास मालकाची लेखी संमती घ्यावी. काढलेले कुलूप चाव्यांसह मालकाकडे जमा करावे. जागा सोडताना नव्या कुलपाच्या सर्व चाव्या मालकास द्याव्यात, अथवा जुने कुलूप पूर्ववत बसवून द्यावे. आपत्कालीन प्रसंग वगळता मालक किमान २४ तास आधी कळवल्याशिवाय व वेळ ठरवल्याशिवाय जागेत प्रवेश करणार नाही."

शेवटचं वाक्य मालकांना जड जातं. प्रशिक्षणात एक गृहस्थ म्हणाले, "हे लिहून दिलं तर आमच्याच हाताला बेड्या." मी विचारलं, "कलम २८ प्रमाणे सूचना द्यायचीच आहे ना, मग लिहायला काय हरकत?" ते हसले, पण लिहिणार नाही म्हणाले. तुम्ही लिहा. चांगला भाडेकरू करारात हेच वाक्य शोधतो आणि शेजारच्या गल्लीतल्या पाचशे रुपये स्वस्त खोलीऐवजी तुमची घेतो.

विनंती आली की उत्तर मात्र लगेच द्या. चार दिवस मेसेज बघून गप्प बसणं हे नकारापेक्षा वाईट, कारण त्या चार दिवसांत तो मनात काय काय रचतो ते तुम्हाला कळत नाही. माझं उत्तर साधं असतं: "हो दादा, बदला. काढलेलं कुलूप आणि चाव्या दुकानावर आणून द्या. एक चावी पाकिटात बंद करून ठेवू, तुम्ही सही करा. बसवून झालं की फोटो टाका."

आता कुलूप घ्यायला जाल तेव्हाचं. "मॉर्टिसचा सिलिंडर द्या" एवढं सांगून कोणताही दुकानदार बरोबर देऊ शकत नाही. दार उघडा, कडेच्या पट्टीचा फोटो काढा, कंपनीचं नाव दिसेल असा. त्या पट्टीवर सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो, तोच सिलिंडरला धरून ठेवतो. त्या स्क्रूच्या मध्यापासून सिलिंडरच्या बाहेरच्या टोकापर्यंत किती आणि आतल्या टोकापर्यंत किती, ही दोन मापं मिलिमीटरमध्ये वेगवेगळी घ्या. जमलं तर सिलिंडरच काढून घेऊन या: स्क्रू काढा, चावी घालून थोडी फिरवा, ओढा, हातात येतो. बाहेरच्या बाजूला तो पट्टीच्या बाहेर जास्त डोकावणारा घेऊ नका, पक्कडीने धरून मोडता येतो. आणि नवा बसवल्यावर दार उघडं ठेवूनच चावी चार वेळा दोन्ही बाजूंनी फिरवून बघा. दार आधी लावून मग चावी फिरवून बघणारे लोक महिन्यातून एकदा तरी आमच्याकडे चावीवाल्याचा नंबर मागायला येतात.